बशीला हात लावायचा नाही

"बशी खाली ठेव. मधू, बशी खाली. तोंडाला लावलीस तर आजपासून तू कोण आणि मी कोण."

चौबळ सर ओरडत होते, आणि मी त्यांच्या पडवीत, बशी ओठांपासून दोन बोटांवर धरून, पुतळा होऊन बसलो होतो. ओरडणं असं, की समोरच्या तारेवरचे कावळे उठून कुंडलिका नदीच्या पलीकडे गेले आणि संध्याकाळपर्यंत परतले नाहीत. सर झोपाळ्यावरून उतरले. रांगत्या पोराच्या मुठीतून कात्री काढावी तशी त्यांनी माझ्या हातातून बशी काढून घेतली. खिशातून काचेचं इवलंसं नरसाळं काढलं, खिडकीतून मापाची नळी घेतली, बशीत सांडलेला चहा नळीत ओतला, एक डोळा मिटून नळी उजेडात धरली, काहीतरी पुटपुटले, आणि मग एकदम मवाळ आवाजात म्हणाले, "हं. आता कपातला पी."

"सर, मी चहा बशीतूनच पितो. जन्मापासून."

"जन्मापासूनच्या चुका सुधारायला वेळ लागतोच. पी."

हे आमच्या रोह्यातले दिगंबर चौबळ. सर म्हणतात, पण ते शाळेतले नव्हेत. या माणसाने आयुष्यात एकाही मुलाला शिकवलं नाही. पण एकाही मोठ्या माणसाला शिकवल्याशिवाय सोडलं नाही, म्हणून सर. सगळी नोकरी धाटावच्या एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली. त्यांच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एकच. पुढे रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि ते जे काही चालतं त्यातलं निम्मं सरांच्या आलेखाच्या कागदावर चालतं.

सरांचा देव एकच. त्याचं नाव मार्कर. मार्कर म्हणजे पोरं फळ्यावर वापरतात ते पेन नव्हे. त्यावर माझी एकदा तासभर शिकवणी झाली आहे.

"हे बघ मधू, रिअ‍ॅक्टरच्या पोटात काय शिजतंय ते दिसत नाही. झाकण उघडून बघशील, तर पुढच्या वर्षी तुझं श्राद्ध. मग काय करायचं? आतला एक थेंब काढायचा, कागदावर ठिपका टाकायचा, आणि ठिपका किती वर चढला ते पट्टीने मोजायचं. ठिपका सरकला म्हणजे आत काहीतरी बदललं. तो ठिपका म्हणजे मार्कर. आतलं दिसत नाही ना, मग बाहेरची खूण धरायची. आणि खूण मोजायची. बाकी 'बरं वाटतं', 'वाईट वाटतं', या ओट्यावरच्या गप्पा."

दुसरा नियम, वाचनाला हात लावायचा नाही. जे आलं ते आलं. कंपनीत एकदा ठिपका हवा तेवढा चढेना, आणि गेटवर माल न्यायला गाडी उभी. साहेब खाली आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चौबळ, ठिपका जरासा वर धरा ना. गाडी कधीची उभी आहे." सर म्हणाले, "गाडीला बसायला सांगा." ती गाडी म्हणे इतका वेळ थांबली की तिच्या चाकाखाली गवत उगवलं. गवताचं माझं मी घातलंय. पण माल त्या दिवशी गेला नाही हे अख्ख्या धाटावला माहीत आहे. सरांचं वाक्य ठरलेलं होतं: "हात लावलेलं वाचन म्हणजे उष्टं. ते देवालाही चालत नाही आणि मलाही."

असा माणूस निवृत्त झाला की कंपनी सुटते आणि गाव सापडतं. वर्षभरात रोह्याच्या आसपास एकही फणस असा उरला नाही, ज्याच्या कमरेला सरांची सुतळी नाही. फणसाची पोटं मोजून झाल्यावर ते कुंपणावरच्या गोगलगायींकडे वळले. कोणती गोगलगाय किती लांब जाते हे कळायला त्यांना खूण हवी. मग सर बांगड्यांच्या दुकानात गेले आणि त्यांनी सहा रंगांचं नेलपॉलिश मागितलं. दुकानदाराने ते कागदात बांधेपर्यंत बातमी स्टेशनपर्यंत पोचली होती. दुसऱ्या दिवशी सर कुंपणापाशी उकिडवे बसून एकेका गोगलगायीच्या पाठीवर रंग लावत होते, तेवढ्यात मासळीची पाटी घेऊन चांगुणा आली. चांगुणा खाडीकाठची, आमच्या आळीला बोंबील आणि बातम्या दोन्ही पुरवणारी.

ती पाटी न उतरवता बघत राहिली. "मास्तर, गोगलगायीचा लगीन हाय का?"

"संशोधन आहे, चांगुणे."

"व्हय व्हय. मंग हलद कदी ती सांग. मी पन येतंय."

खांब गावाजवळच्या हायवेवरचं प्रकरण तर तुम्ही ऐकलं असेल. नसेल तर माझ्यावर विश्वास ठेवा. रस्ता सुधारला की बिघडला यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतात. सर म्हणाले, "वाद कसले घालता? बेसलाइन आहे का?" बेसलाइन म्हणजे बदल मोजायला सुरुवात केली त्या दिवशीची खूण. ती कोणाकडेच नव्हती. मग सर स्कूटरवर चुन्याचा डबा ठेवून गेले आणि खांबजवळच्या प्रत्येक खड्ड्याच्या काठाने पांढरी रेघ मारून आले, की पुढच्या वर्षी काठ किती सरकला ते मोजता यावं. गावकऱ्यांना वाटलं, रुंदीकरणाची मोजणी आली. एका म्हाताऱ्याने भीतीने आपली चहाची टपरी दोन हात मागे घेतली. पुढच्या वर्षी सर पट्टी घेऊन गेले तर खड्डे रेघ गिळून पुढे गेलेले, आणि टपरी नेमकी वाचलेली. तेव्हापासून तो म्हातारा सरांना ज्योतिषी समजतो आणि चहाचे पैसे घेत नाही.

माझ्या मेहुण्याने तर स्वतःहून मरण ओढवून घेतलं. पडवीत बसून म्हणाला, "तेल लावायला लागल्यापासून गुडघ्यात खूप फरक आहे."

"कशाच्या मानाने?" सर.

"आधीच्या."

"आधी किती वेळा उठबस करू शकत होतात?"

"मोजलं नाही."

"मग आज मोजू." आणि त्यांनी त्याला झोपाळ्यासमोर उठाबशा काढायला लावल्या. गुडघा होता त्याहून वाईट झाला. मेहुणा भिंतीला धरून घरी गेला, आणि सर आनंदात म्हणाले, "काळजी नको. आता बेसलाइन मिळाली."

तर अशा माणसाने एके दिवशी पाहुण्यांच्या बशा जप्त करायला सुरुवात केली, तेव्हा आळीला नवल वाटलं नाही. फक्त कारण कोणाला कळेना. एकजण म्हणाला, दूध पातळ येतंय ते तपासतात. दुसरा म्हणाला, सांडलेला चहा साठवून रात्री गरम करून पितात. चौबळांचं घराणं पहिल्यापासून चिकट. माझी बायको सुलभा म्हणाली, "तुम्ही बशीतून पिताना जो आवाज करता ना, त्यावर काढलेला उपाय आहे." मला हे तिसरं कारण पटलं, म्हणून मी ते कोणाला सांगितलं नाही.

खरं कारण स्वयंपाकघरात होतं. त्यासाठी शालनकाकू सांगायला हव्यात.

शालनकाकू सरांच्या पत्नी. माहेर पेणचं, घरचा गणपतींचा कारखाना. पेणच्या कारखान्यात माती कोणीही मळतो, रंग पुष्कळजण देतात. पण डोळ्यांची आखणी म्हटली की हात एकदोघांचाच. मूर्ती सगळी झाली, सोनेरी काठ झाले, तरी डोळे आखेपर्यंत ती मातीच. काकू परकरात होत्या तेव्हापासून त्यांच्या कारखान्यात डोळे त्यांनी आखलेले. लग्नच मुळी त्यावरून ठरलं. तरुणपणी सर कंपनीच्या रंगाचा नमुना घेऊन पेणला गेले होते. तिथे त्यांनी बघितलं, एक मुलगी श्वास धरून, कुंचला न उचलता, डोळा काढते आहे. दुसरा कोणी असता तर मुलीकडे बघत राहिला असता. सरांनी खिशातून दोरा काढला आणि गणपतीचे दोन्ही डोळे मोजले.

"सारखे आहेत," ते म्हणाले.

"मग वेगळे असतात काय?" ती मुलगी म्हणाली.

एवढ्या संभाषणावर या दोघांचा संसार उभा आहे. लग्न होऊन रोह्याला आल्यावरही काकू दर वर्षी श्रावणात पेणला जायच्या, डोळे आखायच्या, आणि चौबळांच्या घरचा गणपतीही त्यांच्याच हातच्या नजरेचा यायचा.

दोन वर्षांपूर्वी काकूंच्या उजव्या हाताला कंप सुटला. वाटी उचलली की वाटी बोलायची. गेल्या वर्षी त्या पेणला गेल्याच नाहीत. घरचा गणपती आला, डोळे दुसऱ्या कारागिराने आखलेले. चांगले होते, सुबक होते. सर पाटासमोर उभे राहिले, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि म्हणाले, "हा माझ्याकडे बघत नाहीये. माझ्या मागच्या पंख्याकडे बघतोय." काकू स्वयंपाकघरात गेल्या त्या आरतीपर्यंत बाहेर आल्या नाहीत. सरांना त्या दिवशी आपलं काय चुकलं ते कळलं. आणि आपलं चुकलं हे सरांना कळणं, ही घटना मी तरी तेव्हा पहिल्यांदाच बघितली.

या वर्षी काकूंचा धाकटा भाऊ दत्ताभाऊ, जो आता कारखाना बघतो, त्याने उन्हाळ्यातच फोन केला. काकूंना नीट ऐकू यावं म्हणून फोन मोठ्यावर होता, आणि आमची भिंत एकच आहे, त्यात माझा दोष नाही.

"ताई, यंदा तू येनार असशील तर घरचा गणपती तुज्यासाठी ठेवतो. नसशील तर तसं सांग. श्रावणापर्यंत कळव. कारागीर चांगला हाय, त्यालाच कायमचं देऊन टाकू."

"कायमचं?" काकू म्हणाल्या.

"मंग किती दिवस लटकत ठेवनार?"

फोन ठेवल्यावर काकू सरांना एवढंच म्हणाल्या, "कुंचला एकदा दुसऱ्याला दिला, की परत मागायला तोंड राहत नाही."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. महिन्याने विचारलं, "काकू, फरक वाटतोय का?" काकू म्हणाल्या, "वाटतो थोडा." झालं. सर दवाखान्यातच उठून उभे राहिले. "वाटतो म्हणजे काय? थोडा म्हणजे किती? तुम्ही दोघं काय हवापाण्याच्या गप्पा मारताय?" डॉक्टर नवीन होते, घाबरले. घरी येऊन सर दिवसभर झोपाळ्यावर बसले, आणि संध्याकाळी काकू चहाचा ट्रे घेऊन उंबरा ओलांडत असताना त्यांना मार्कर सापडला.

कंप दिसत नाही आत किती आहे ते. पण सांडलेला चहा दिसतो.

पद्धत ठरली. चौबळांच्या कपांना आतून कडेखाली एक निळी रेघ आहे. काकूंनी चहा त्या रेघेपर्यंत भरायचा, स्वयंपाकघरातून माजघर, माजघरातून उंबरा, उंबऱ्यावरून पडवी असा ट्रे आणायचा, आणि बशीत जे सांडेल ते सर मोजणार. रोजचं वाचन झोपाळ्यामागच्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी चिकटवलेल्या आलेखावर. रेघ खाली गेली की हात सुधारला. जाताना दुधवाला, पेपरवाला, कोणीही ती रेघ बघायचा. आळीला कारण कळलं तशी आळीही बघायला लागली. भाव बघावा तशी लोकं रेघ विचारायची, "आज काय, उतरली?"

पण शास्त्रज्ञाचं समाधान लवकर होत नाही. "तुलना हवी," सर म्हणाले. "धडधाकट माणूस किती सांडतो ते कळल्याशिवाय हिचं सांडणं कशाच्या मानाने मोजायचं?" आणि एका रविवारी आमची सगळी आळी ट्रे घेऊन त्यांच्या माजघरातून पडवीत येरझाऱ्या घालत होती. मी एवढ्या ऐटीत निघालो आणि उंबऱ्याला अंगठा आपटून असा चहा ओतला की बशी, ट्रे, सरांचं धोतर आणि गोगलगायींपैकी दोन, एवढं सगळं भिजलं. सुलभा दारातून म्हणाली, "घरात तांब्या उचलत नाहीत, इथे ट्रे नाचवतायत." मेहुण्याचा गुडघा अजून धड नव्हता, त्यामुळे त्याचं वाचन सरांनी "वादळात घेतलेलं" म्हणून वेगळं ठेवलं. चांगुणा आली, म्हणाली हातात नाय, डोक्यावर नेईन. आणि ट्रे डोक्यावर ठेवून, वाटेत कोणाची सून कुठे गेली ते सांगत, थेंब न सांडता पडवीत आली. सरांनी तिला यादीतून काढून टाकलं.

"का म्हनून?"

"तू आकडे बिघडवतेस."

"बिगडू दे. मना चाय तरी दे."

शेवटी हिशेब लागला तेव्हा काकूंचं सांडणं माझ्यापेक्षा कमी निघालं. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. "मधूला पण डॉक्टरकडे न्या," म्हणाल्या. त्या दिवसांत त्या घरातून येणारा हसण्याचा आवाज मी भिंतीला कान न लावताही ऐकलेला आहे.

पावसाळा लागला. रेघ उतरत होती, मग थोडी रेंगाळली, आणि आषाढ सरता सरता जी घसरली, ती सुकेळी खिंडीतून ब्रेक गेलेला ट्रक यावा तशी. बशा जवळजवळ कोरड्या यायला लागल्या. सर ओरडायचे कमी झाले. माझ्या लक्षात आणखी एक गोष्ट आली होती, पण ती सांगण्यासारखी नव्हती: हल्ली चौबळांकडे कपात चहा कमी असायचा. पूर्वी दोन बशा व्हायचा, आता जेमतेम दीड. मी मनात म्हटलं, दुधाचे भाव वाढलेत, आणि चौबळांचं घराणं पहिल्यापासून.

श्रावण लागताच काकूंनी स्वतः फोन केला. "दत्ता, मूर्ती ठेव. मी येतेय." आवाज असा, की तो पेणला फोनशिवायही पोचला असता.

निघायच्या आदल्या सकाळी मी कढीलिंबाची डहाळी मागायला परसातून त्यांच्याकडे गेलो. काकू नुकत्याच ट्रे पडवीत ठेवून, दूध उतू जाईल म्हणून आत वळल्या होत्या. मी घराला वळसा घालून पडवीच्या कोपऱ्याशी आलो. सर एकटे होते. त्यांनी आत बघितलं. रस्त्याकडे बघितलं. मग बशी उचलली, ओठांना लावली, आणि फुर्रकन एक घोट घेतला. मग उरलेलं नरसाळ्यातून नळीत ओतलं आणि एक डोळा मिटला.

"सर," मी म्हणालो.

नळी हातातून पडता पडता राहिली. "बाष्पीभवन," सर म्हणाले.

"मिशीला लागलंय बाष्पीभवन."

त्यांनी मिशी पुसली. मला हाताने झोपाळ्यावर बसायला सांगितलं.

"गोळीने जे व्हायचं ते झालं," सर हळू आवाजात म्हणाले. "आषाढात रेघ थांबली. चार दिवस, आठ दिवस, तिथेच. ती सकाळी उठली की आधी देवाकडे बघायची. हल्ली आधी त्या आलेखाकडे बघते. थांबलेली रेघ बघितली की दिवसभर बोलत नाही. म्हणून मग एक घोट. एकच. अंदाज होता, तेवढ्याने रेघ जराशीच हलेल. पण ती तर धडाधड उतरायला लागली. मलाच कळेना. तेव्हा वाटलं, खरोखरच हात सुधारतोय, गोळी उशिरा लागू पडली. पण कपबशी ठेवताना बघतो ना मी. वाजते ती, मधू. अजून वाजते."

"मग घोट बंद करायचा."

"केला होता दोन दिवस. वाचन वर गेलं, तर ती जेवली नाही."

"आणि उद्या पेणला? सगळ्यांसमोर हात थरथरला तर?"

"तर मी आहे तिथे."

"तुम्ही काय करणार?"

सरांनी नळी उलटी करून पुसली. "ते अजून ठरलेलं नाही," म्हणाले. "आणि तू कोणाला बोलायचं नाहीस." मी गळ्याची शपथ घेतली. माझ्या पोटात काही राहत नाही हे ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या शपथेची किंमत ठाऊक असेल.

दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीतून निघालो. गाडी जुनी आहे, पण चढाला उतरून ढकललं की कुठेही जाते. सरांना खांबला वळसा घालून आपले खड्डे बघायचे होते. काकू म्हणाल्या, "आज नाही." त्या मागच्या सीटवर उजवा हात डाव्या हातात धरून बसल्या होत्या. डोलवीजवळ ट्रकांच्या रांगेत अडकलो तेव्हाही त्यांनी तो हात सोडला नाही.

डोळे नसलेले गणपती तुम्ही ओळीने बघितलेत का? पेणच्या कारखान्यात फळीवर फळी, सोंडा, मुकुट, पोटं, सगळं जागच्या जागी, आणि एकही आपल्याकडे बघत नाही. लग्नाला जावं आणि कोणी ओळख दाखवू नये तसं वाटतं. दत्ताभाऊने घरची मूर्ती पाटावर आणून ठेवली. कारागीर हातातलं काम टाकून जमले, कारण तो नवा कारागीर आणि बाकीची मंडळी, सगळीच ताईंचा हात बघायला आतुर. तेवढ्यात कोणीतरी पाहुण्यांना चहा आणला. काकूंच्या हातात कप दिला. कप काठोकाठ भरलेला.

कप वाजला. चहा बशीत आला, बशीतून काकूंच्या बोटांवर आला. मी सरांकडे बघितलं. त्यांच्या खिशात नरसाळं होतं. त्यांनी खिशाला हात लावला नाही.

"ताई," दत्ताभाऊ हळूच म्हणाला, "प्रवासाने दमली असशील. यंदा राहू दे हवं तर. तो हाय ना."

काकूंनी कप खाली ठेवला, बोटं पदराला पुसली आणि कुंचला उचलला. खारीच्या केसांचा बारीक कुंचला. त्याचं टोक हवेत असं हलत होतं, की वाऱ्यातल्या गवतानेही लाजावं. कारखान्यात इतकी शांतता, की मला माझाच श्वास बशीतून चहा भुरकल्यासारखा ऐकू यायला लागला.

सर उठले. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, मूर्तीला लागून ठेवलं, त्यावर बसले, शर्टाची बाही वर सारली आणि आपला हात मूर्तीसमोर आडवा धरला, कोपर गुडघ्यावर टेकवून.

"इथे मनगट टेक," म्हणाले.

"तुम्ही हलाल."

"नाही हलणार."

"तुम्ही? झोपाळ्याशिवाय घटकाभर बसता येत नाही तुम्हाला."

"शालन, टेक म्हणतो ना."

काकूंनी मनगट टेकवलं. आता या माणसाचं वर्णन मी एवढा वेळ केलंय. हा जेवतानाही पाय हलवतो. तो माणूस तिथे दगड झाला. नाकावर माशी बसली, नाकावरून मिशीवर उतरली, मिशीची पाहणी करून परत नाकावर गेली. सर हलले नाहीत. कपाळावरचा घाम भुवईत थांबला, तोही हलला नाही. ते श्वास घेत होते की नाही हे मी सांगू शकणार नाही; माझ्या मते पहिला डोळा आखून होईपर्यंत घेतलाच नाही. काकूंनी कुंचला बुडवला, श्वास धरला, आणि एका रेघेत डोळा आला. मग सरांचा हात काकूंनी स्वतःच सरकवला, जरा डावीकडे, पोळपाट-लाटणं सरकवावं इतक्या सहज, आणि दुसरा डोळा आला.

"सोडा श्वास," काकू म्हणाल्या.

सरांनी सोडला. जवळच्या फळीवरची रंगाची धूळ उडाली.

दत्ताभाऊ समोर येऊन वाकला. बराच वेळ बघत होता. "बघतोय गो, ताई," म्हणाला. "थेट बघतोय." नव्या कारागिराने कुंचला काकूंच्या हातून घेतला, धुतला, आणि परत त्यांच्यासमोरच ठेवला.

मग सरांचा हात आपोआप खिशात गेला आणि दोरा बाहेर आला. ते वाकले, दोरा एका डोळ्यावर धरला, दुसऱ्यावर धरला. मी अगदी शेजारी उभा होतो. उजवा डोळा केसभर मोठा होता. माझ्यासारख्या झेरॉक्सवाल्याला दिसला, म्हणजे सरांना तर डोंगराएवढा दिसला असणार.

"सारखे आहेत," सर म्हणाले आणि दोरा गुंडाळून खिशात टाकला.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मग वेगळे असतात काय," म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.

परतताना बाजारात गाडी थांबवली. पोह्याचे पापड घ्यायला सर उतरले; समोर दुकानात पापडाचा व्यास सगळीकडून सारखा आहे का, यावर त्यांचं दुकानदाराशी सुरू झालं. गाडीत मी आणि काकू. माझ्या पोटात कालपासून जे उकळत होतं, त्याचं झाकण उडालं. बशी, मिशी, बाष्पीभवन, रेघ, सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "काकू, ज्या माणसाने आयुष्यात एका वाचनाला हात लावला नाही, तो महिनाभर तुमच्यासाठी बशीतला चहा चोरून पीत होता."

काकू खिडकीबाहेर पापडवाल्याकडे बघत होत्या.

"मग," त्या म्हणाल्या, "मी तरी कप कुठे निळ्या रेघेपर्यंत भरत होते."